घट कोणी हलवला?

१

निजराने कुलूप काढलं, दार आत ढकललं आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली.

तिच्या मागे मी, माझ्या मागे अनुदान कचेरीचे हांडिक साहेब, आणि साहेबांच्या मागे निम्मं तेंगाबारी गाव. साहेबांना आणखी दोन गावं उरकायची होती, त्यामुळे ते माझ्या पाठीला जवळजवळ चिकटलेच होते.

"अगं, सरक की पुढे. साहेब खोळंबलेत," मी म्हणालो.

ती हलेना. मग मीच तिच्या खांद्यावरून आत डोकावलो. विश्वकर्म्याची मूर्ती जागेवर होती, हत्तीसकट. पुढे घट, त्यावर आंब्याची पानं आणि नारळ. दिवा अजून तेवत होता. कोयते, फावडी, फवारणीचे पंप, सगळं शेंदराचे टिळे लावून भिंतीशी ओळीने मांडलेलं. मधल्या पाटावर गामोसा, आमचा लाल काठाचा पंचा, नीट घडी करून ठेवला होता आणि घडीवर झेंडूची माळ होती. काल पूजेत हा गामोसा आणि ही माळ आमच्या खुडणी यंत्रावर होती. यंत्र तेवढं नव्हतं.

"यंत्र कुठंय?" हांडिक साहेबांनी विचारलं. मग आवाज चढवून म्हणाले, "मी मूर्ती बघायला आलेलो नाही."

आमच्या गावात प्रत्येकाच्या घरामागे थोडा थोडा चहा आहे. मोठ्या बागांसारखे पगारी मजूर आमच्याकडे नाहीत. पानं एकदम फुटतात, तेव्हा खुडायला हात मिळत नाहीत आणि चार दिवस उशीर झाला की पान जून होतं, कारखाना घेत नाही. म्हणून आम्ही गट केला, कचेरीचे उंबरे झिजवले आणि दोघांनी धरून चालवायचं खुडणी यंत्र सरकारी अनुदानावर मिळवलं. अट सरळ होती. यंत्र गटाकडेच राहिलं पाहिजे, विकायचं नाही, बाहेर कुणाला द्यायचं नाही, आणि साहेब कधीही येऊन तपासतील. आजची तपासणी पार पडली की छाटणीचं यंत्र आणि पानं न्यायची गाडी मंजूर होणार होती. नापास झालो तर अनुदान परत, आणि गटाचं नाव यादीतून कायमचं बाद.

साहेबांनी कडी-कोयंडा चाचपला. "कुलूप फोडलेलं नाही. खिडकीच्या बांबूच्या पट्ट्याही शाबूत. किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे," निजरा म्हणाली.

"दुसरी?"

"हरवली मागेच. एकच आहे."

यंत्रघर निजराच्या अंगणाला लागून आहे, म्हणून किल्ली तिच्याकडे. तिचा नवरा गेला तेव्हा पोर पाळण्यात होती. तेव्हापासून ती एकटी बाग सांभाळते, आणि माझ्यापेक्षा बरी सांभाळते.

"तिचा भाऊ नदीपलीकडच्या बागेत असतो ना?" गर्दीतून जतीन फुकन म्हणाला. हा आमचा पानांचा दलाल. गट झाल्यापासून आम्ही पान थेट कारखान्यात नेतो, त्यामुळे त्याच्या पोटात दुखतं. "मी आपलं विचारलं हो."

"तू आपलं गप्प बस," मी म्हणालो.

पण शब्द सुटला होता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. निजराने माझ्याकडे पाहिलं, मग मुहीधर खुरांकडे. मुहीधर खुरा, म्हणजे मुहीधर काका, गटाचे अध्यक्ष. गावात चहाचं पहिलं रोप त्यांनी लावलं, आणि पूजेला दरवर्षी तेच बसतात. त्यांच्या एका शब्दावर फुकनचं तोंड बंद झालं असतं. पण ते मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, म्हाताऱ्याने धसका घेतला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मी पुढचं गाव करून दुपारी परत येतो. तोवर यंत्र इथे हवं. नाहीतर पोलिसात तक्रार, आणि तक्रारीत किल्ली ज्याच्याकडे त्याचं नाव."

निजराने किल्ली मुठीत आवळून धरली. मला भयंकर राग आला आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळेना.

इतक्यात पुरोहित गर्दीतून वाट काढत आत शिरले. उत्तरपूजा करायला ते नुकतेच शेजारच्या गावाहून सायकलवर आले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, मूर्तीसमोर वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "हा घट कोणी हलवला? मी तर अजून मंत्रच म्हटलेला नाही."

२

पुण्यलता चेतिया पोलिसात फौजदार होती. निवृत्त झाल्यावर वडिलांच्या जमिनीत चहा लावून बसली. गावात तिला सगळे दारोगा बाइदेव, म्हणजे फौजदारताई, म्हणतात, तोंडावरसुद्धा. मी सायकल दामटून तिला आणायला गेलो तेव्हा ती गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून झुडपांत उभी अंगावरच्या जळवा झाडत होती.

"यंत्र गेलं हे कळलं," ती म्हणाली. "रडतंय कोण?"

"निजरा. म्हणजे रडत नाहीये, पण..."

"मग जास्त वाईट. चल."

तिने सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि आत फक्त मला, निजराला आणि पुरोहितांना घेतलं. बूट दाराबाहेर काढले. घटासमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली. घट तांदळाच्या राशीवर मांडलेला होता. राशीत मधोमध एक गोल खळगा पडला होता आणि घट त्याच्या वीतभर डावीकडे होता.

"चोराचा पाय लागला असेल," दारातून फुकन म्हणाला.

"पाय लागला असता तर घट कलंडला असता," पुण्यलता मागे न बघता म्हणाली. "इथे थेंब सांडलेला नाही. नारळही तसाच. उचलून अलगद ठेवलाय कुणीतरी. पुरोहित, घट कधी हलवतात?"

"सगळं झाल्यावर. देवाला सांगायचं की आता आपण मोकळे. त्याआधी यंत्राला हात लावत नाहीत, चालवणं तर दूरच. मी मंत्र म्हणतो आणि जो पूजेला बसतो तो घट हलवतो."

"म्हणजे चोराने गामोसा काढला, घडी घातली, माळ वर ठेवली, घट हलवला आणि मग यंत्र उचललं."

"आणि जाताना कुलूप लावलं," मी म्हणालो. "मोठा सभ्य चोर."

"हो ना," ती म्हणाली. पण ती हसली नाही.

मग ती बाहेर आली आणि माझ्या सायकलीपाशी थांबली. "टंकेश्वर, घंटीला शेंदूर कुणी फासला?"

मला वाटलं, ही बाई आता माझ्यावरच घसरते. तेवढ्यात निजरा म्हणाली, "मी लावला, बाइदेव. काल पूजा झाली, सगळे खिचडीच्या पंगतीला गेले, खुरा हात धुवायला गेले. वाटीत शेंदूर उरला होता. म्हटलं वाया कशाला घालवायचा. दाराच्या कडीला लावला, कुलपाला लावला, टंक दादाची सायकल भिंतीला टेकवलेली होती, तिच्या घंटीला लावला."

"तेव्हा कुलूप कुठे होतं?"

"कोयंड्यात. सकाळपासून उघडंच अडकवलेलं होतं. संध्याकाळी सगळ्यांसमोर मी ते दाबून बंद केलं."

"दाबून? किल्ली न लावता?"

"दाबलं की बसतं ते. किल्ली फक्त उघडायला लागते."

पुण्यलताने कडी पाहिली. कडीवर मोहरीच्या तेलात कालवलेल्या शेंदराचा ठसठशीत टिळा होता. माझ्या घंटीवरचा तर मी सकाळी रुमालाने पुसून पाहिला होता, तो आणखी पसरला. मग तिने कुलूप हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"नीट बघ."

मी पाहिलं. पिवळं, पितळी मुलाम्याचं कुलूप. माझ्याच दुकानातलं. सायकलीच्या सामानाबरोबर मी कुलपंही ठेवतो, आणि गेल्या वर्षी अर्ध्या गावाने माझ्याकडून हेच कुलूप घेतलं होतं.

"काय बघू? काही नाहीये यावर."

"तेच," ती म्हणाली आणि कुलूप परत घेऊन पदरात बांधलं.

३

फुकन आपल्या पिकअपच्या बोनेटला टेकून पान चघळत होता.

"निजरा म्हणते, पहाटे तिने गाडीचा आवाज ऐकला," पुण्यलताने सुरुवात केली. "गावात गाडी एकट्या तुझी."

"पूजेची भांडी न्यायला आलो होतो. मंडपवाल्याची होती. विचारा त्याला, पातेली मोजून घेतलीत त्याने."

"गट मोडला तर तुझा फायदा."

"आहेच. नाही कशाला म्हणू?" तो थुंकला. "पण बाइदेव, मी यंत्र चोरलं असतं तर कुलूप परत लावायचे लाड कशाला केले असते? दार सताड उघडं टाकलं असतं. आणि घट? मी देवाला हात लावायला जातो होय? मला पोरंबाळं आहेत."

"हे मात्र खरं बोललास."

"आजच नाही, नेहमीच बोलतो," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. हा माणूस मला अजिबात आवडत नाही, पण तो म्हणत होता त्यात तथ्य होतं आणि त्यामुळे मी आणखीच चिडलो.

तिथून आम्ही फूलमोतीकडे गेलो. ती आणि तिची जाऊ हंगामात आमच्याकडे खुडायला येतात. यंत्र आल्यावर तिने भर बैठकीत आकांडतांडव केलं होतं, की या लोखंडाला एक दिवस नदीत फेकीन. पुढे गटाने त्या दोघींनाच यंत्र चालवायला ठेवलं, तेव्हा कुठे तिचं तोंड थांबलं.

"या, या. मला धरायला आलात ना?" ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "वाटच बघत होते. गरिबाचं घर आधी आठवतं."

"धरायचं असतं तर बूट घालून आले असते," पुण्यलता म्हणाली आणि सरळ तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "चहा दे."

फूलमोतीने लाल चहा ओतला. तिचा आवाज थोडा खाली आला. "मी नाही नेलं, बाइदेव. पूर्वी नेलं असतं. आता त्याच्यावर माझं पोट आहे. आणि आता ते चालतंही बरं."

"आता म्हणजे?"

"पहिल्या वर्षी हात बधिर व्हायचे. संध्याकाळी भाताचा घास धरता यायचा नाही. यंदा बिहूचा सण झाल्यावर बाहेर काढलं तेव्हापासून थरथर कमी झाली. आवाजपण वेगळा येतो. मी जावेला म्हटलंसुद्धा, याला म्हातारपणी जवानी आली काय गं?"

"दुरुस्त करून आणलं असेल कुणीतरी," मी म्हणालो.

"कुणी?" पुण्यलताने विचारलं.

मी आठवायला लागलो. थंडीत झाडं छाटलेली असतात, खुडणी बंद, यंत्राचं काम नसतं. तेव्हा यंत्रघरही झालेलं नव्हतं. यंत्र मुहीधर खुरांच्या घरी होतं.

पुण्यलताने चहा संपवला. "टंकेश्वर, आता खुरांकडे जाऊ. त्यांना धीर द्यायला हवा," ती म्हणाली. तिच्या आवाजात धीर देण्यासारखं काहीच नव्हतं.

४

मुहीधर खुरा ओसरीवर बसले होते. काकूंनी आम्हाला नारळाचे लाडू दिले. खुरांच्या पुढ्यातला लाडू तसाच होता.

"काही लागलं का हाताला?" त्यांनी विचारलं.

"बघतेय," पुण्यलता म्हणाली. "खुरा, काल पूजेला तुम्ही बसला होतात. दिवसभर उपास. दमला असाल."

"सवय आहे गं."

"घरी वेगळी पूजा करता का?"

"छे. गटाच्या पूजेला बसतो ना मी. एकच देव, दोनदा कशाला त्रास द्यायचा त्याला?"

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि पाय मोकळे करायला म्हणून उठली.

ती अंगणात फिरू लागली तशी मीही मागे गेलो. गोठ्यात नांगर होता. भिंतीला कोयता आणि छाटणीची सुरी. खांबाला खुरांची सायकल टेकलेली, तिच्या चाकांना ताजा चिखल. पलीकडे खांबांवर उभं केलेलं भाताचं कोठार. ती प्रत्येक वस्तूपाशी थबकायची आणि पुढे जायची. कोठारापाशी मात्र ती थांबली ती थांबलीच.

"टंकेश्वर, या घरात एकूण लोखंड किती?"

"बाइदेव, हे काय विचारणं झालं? शेतकऱ्याचं घर आहे."

"त्यातल्या कशाकशाला शेंदूर लागलाय?"

मी वळून पाहिलं. नांगर कोरा, कोयता कोरा, सायकल कोरी. माझी नजर फिरत फिरत कोठाराच्या दारावर आली. दाराला पिवळं कुलूप होतं. त्याच्या पोटावर शेंदराचा ठसठशीत टिळा होता.

"बोलू नकोस," ती हळूच म्हणाली. "दुपारी सगळ्यांसमोर. निजरावर आरोपही सगळ्यांसमोरच झालाय."

ओसरीवरून खुरा आमच्याकडेच बघत होते.

५

हांडिक साहेब आले तेव्हा यंत्रघराच्या अंगणात सकाळपेक्षा जास्त गर्दी होती. निजरा दाराशी बसली होती. पोरगी तिच्या मांडीवर होती आणि किल्ली मुठीत. शेजारच्या ज्या बाया रोज तिच्याकडे विस्तव मागायला येतात, त्या दहा हात लांब उभ्या होत्या.

"यंत्र?" साहेब म्हणाले.

"मिळेल," पुण्यलता म्हणाली. "आधी किल्लीचं बघू." तिने पदरातलं कुलूप काढून वर धरलं. "आज सकाळी दारावर हे होतं. निजराच्या किल्लीने उघडतं, म्हणजे हे यंत्रघराचंच जुनं कुलूप. काल संध्याकाळी निजराने जे कुलूप सगळ्यांसमोर दाबून लावलं, त्याला तिने दुपारीच शेंदूर लावलेला होता. तेलातला शेंदूर आहे. कडीवरचा निघत नाही, टंकेश्वरच्या घंटीवरचा निघत नाही. मग या कुलपावर ठिपकाही का नाही?"

"पुसला असेल तिने," फुकन म्हणाला.

"आणि कडीवरचा पुसायला विसरली? तिला पुसायचं कारणच काय? लावल्याचं तिनेच सांगितलं. नाही सांगितलं असतं तर मला कळलंही नसतं." पुण्यलता थांबली. "कुलपं दोन होती. काल सकाळी पूजेच्या तयारीत कुणीतरी यंत्रघराचं उघडं कुलूप काढून घेतलं आणि दिसायला तसंच स्वतःचं तिथे अडकवलं. असं कुलूप घराघरात आहे. निजराने दुपारी टिळा लावला तो त्या दुसऱ्या कुलपाला. संध्याकाळी बंद केलं तेही तेच. पहाटे तो माणूस आला, स्वतःच्या किल्लीने उघडलं, यंत्र बाहेर काढलं आणि जाताना जुनं कुलूप जागेवर दाबून गेला. अंधारात त्याला टिळा दिसला नाही. निजराची किल्ली रात्रभर तिच्या उशाशी होती आणि तिचा या चोरीशी काडीचा संबंध नाही."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. निजराने डोळे मिटले आणि पोरीला घट्ट धरलं.

"मग नेलं कुणी?" साहेबांनी विचारलं.

"घट ज्याने हलवला त्याने. फुकन घटाला शिवणार नाही, घाबरट आहे. फूलमोती शिवणार नाही, तो तिचा मान नाही. तुमच्यातलं कोण शिवेल? हात वर करा." एकही हात वर गेला नाही. "काल जो पूजेला बसला त्याच्याशिवाय त्या घटाला हात लावायची कुणाची छाती नाही. आणि घट न हलवता यंत्र उचलायची त्याचीही छाती नाही."

सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला वळले. मला वाटत होतं की खुरांनी हे हसण्यावारी न्यावं, पुण्यलताला चांगलं झापावं, आणि आम्ही सगळे चुकीचे ठरावं.

मुहीधर खुरा उठून उभे राहिले. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि पुण्यलताच्या हातात दिली.

"कोठारात आहे," ते म्हणाले. "भाताच्या मागे. नीट झाकून ठेवलंय."

"का, खुरा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्याह्यांनी मागितलं रे. मागच्या थंडीत, आपल्या बागा मिटल्यावर. त्यांची खुडणी अजून चालू होती. लेकीच्या सासरच्यांना नाही कसं म्हणणार? त्यांच्या माणसाने पेट्रोलमध्ये तेल न घालताच चालवलं. इंजिन जळलं. मी दिब्रुगडहून दुसरं बसवून आणलं, कुणाला कळू दिलं नाही. पण कचेरीने इंजिनावर नंबर ठोकला होता, तो जुन्याबरोबर गेला. साहेब आज नंबर बघणार होते." त्यांनी ओठ पुसले. "चोरी झाली म्हटलं असतं तर गटाचा दोष नव्हता. माझा तर नव्हताच."

"माझा होता," निजरा म्हणाली.

पोरीला खाली ठेवून ती उठली.

"दार उघडं टाकून का नाही गेलात, खुरा? कुणीही नेलं असेल असं वाटलं असतं. माझ्यावर आलं नसतं."

खुरांनी यंत्रघराकडे बघितलं. "दिवा तेवत होता. दार उघडं राहिलं असतं तर कुत्री शिरली असती. देवाची जागा..."

"आणि कुलूप? ते नदीत का नाही टाकलंत?"

"उजेडात टिळा दिसला. पुजलेलं लोखंड कसं टाकणार? म्हटलं, काल सगळ्यांनीच टिळे लावलेत. कोण बघतंय."

निजरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मागच्या माणसापर्यंत सगळं ऐकू गेलं.

"कुत्री शिरू नयेत म्हणून दार लावलंत. माळ तुडवली जाऊ नये म्हणून घडीवर ठेवलीत. देवाला हात जोडून, विचारून यंत्र नेलंत. मी चार पावलांवर झोपले होते, खुरा. मला एक हाक मारली असतीत तर मी उठून किल्ली दिली असती, आणि कुणाला सांगितलंही नसतं. एवढं मानत होते मी तुम्हाला. आणि सकाळी हे लोक माझ्या भावाचं नाव घेत होते तेव्हा तुम्ही जमिनीकडे बघत होतात."

मुहीधर खुरांनी तिच्यापुढे हात जोडले. ते रडत होते. मलाही रडू आलं, आणि त्यांचा रागही आला, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे मी सायकलीची घंटी पकडून उभा राहिलो.

हांडिक साहेबांनी घसा साफ केला. "इंजिन जळलं म्हणून कळवलं असतं, तर मी येऊन नवा नंबर ठोकून गेलो असतो. आता यंत्र बाहेर दिलं आणि लपवलं, दोन्ही लिहावं लागेल. तुमच्या वाट्याचं अनुदान तुम्ही परत करायचं, अध्यक्षपद सोडायचं. यंत्र जागेवर आहे म्हणून गटाचं नाव मी राखायला सांगेन. छाटणीचं यंत्र आणि गाडी मात्र यंदा विसरा."

"आणि तक्रार?" पुण्यलताने विचारलं.

"यंत्र असताना चोरीची तक्रार कसली?" ते म्हणाले. मग त्यांनी निजराकडे वळून, जरा अवघडून, सकाळच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. फुकन कधी सटकला ते कुणालाच कळलं नाही.

आम्ही यंत्र परत आणलं. येताना मी दुसरं कुलूपही आणलं, टिळ्याचं. पुरोहित पिशवी उघडून म्हणाले की उत्तरपूजा व्हायची आहे, पूजेला बसलेला माणूस लागेल. खुरा जागचे हलले नाहीत. सगळ्यांनी निजराकडे बघितलं.

"बसा, खुरा," ती म्हणाली. "देवाचं तुम्ही कधीच काही चुकवलं नाहीत."

त्यांनी मान वर केली नाही. मंत्र झाले, त्यांनी घट हलवला आणि उठून, कुणाकडे न बघता घराकडे चालू लागले. नंतर निजराने वाटीच्या तळाशी उरलेल्या शेंदरात बोट बुडवलं आणि पुण्यलताने परत दिलेल्या जुन्या कुलपाला टिळा लावला. मग तिने माझ्या हातातलं दुसरं कुलूप घेतलं, पुण्यलताकडून त्याची किल्ली मागून घेतली आणि दोन्ही किल्ल्या एकाच दोरीत ओवून गळ्यात घातल्या.

"गटाला सांग, टंक दादा," ती म्हणाली. "यापुढे दाराला दोन कुलपं. आणि दोन्ही किल्ल्या माझ्याकडे. कुणाला यंत्र हवं असेल, तर आधी मला विचारायचं. मग देवाला."